मुक्काम परदेशी, माल घरचा

पौष महिना लागला की निफाड, दिंडोरीच्या बागांत घड भरू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत गावातली काही वडीलधारी माणसे विमानाने मुलाबाळांकडे जायला निघतात. कुणाचा मुलगा दुबईला असतो, कुणाची लेक इंग्लंडात, कुणाचा पुतण्या अमेरिकेत. आयुष्यभर बागेला पाणी दिले, छाटण्या केल्या, बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगेत रात्री काढल्या, आता मुले म्हणतात, "आबा, पुरे झाले. आमच्याकडे राहा, विश्रांती घ्या."

पहिला महिना मजेत जातो. दुसऱ्या महिन्यात हात शिवशिवू लागतात. सूनबाईबरोबर दुकानात गेले की कांद्यापुढे पाय थांबतात. जाळीवर भारताचे नाव असते आणि भाव पाहावा तर आपल्याला गावी मिळाला त्याच्या कितीतरी पट! मग मनात येते, आपल्याच शेतातला माल इथे आणून विकला तर? रिकामा वेळ सत्कारणी लागेल आणि चार पैसेही मिळतील.

वाचकहो, हा विचार वेडगळ नाही. पण या विचारापायी म्हातारपणाची पुंजी एका कंटेनरात घालून बसण्याची वेळही येऊ शकते. म्हणून हा धंदा कसा चालतो आणि त्यात वडीलधाऱ्या माणसाने कुठे हात घालावा, कुठे घालू नये, हे आज नीट समजून घेऊ.

एका मराठी दुकानाची गोष्ट

आधी एक खरे उदाहरण. विदर्भातल्या दातार कुटुंबातले महादेव दातार भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले आणि दुबईला गेले. तिथे १९८४ च्या सुमारास त्यांनी एक छोटे किराणा दुकान सुरू केले. मदतीला मुलगा धनंजय गेला. दुकान झाडणे, पोती उचलणे, गिऱ्हाइकाला माल बांधून देणे ही सारी कामे त्याने केली. सुरुवातीची वर्षे तोट्याचीच होती. पण परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाला काय हवे असते, कोणते पीठ, कोणता मसाला, कोणते लोणचे तो शोधत फिरतो, हे दुकानाच्या फळीआड उभे राहून कळत गेले. तसा माल भारतातून मागवला गेला. दुकानाचे नाव 'अल अदील', म्हणजे न्यायाने वागणारा. पुढे आखाती देशांत त्याची अनेक दुकाने झाली आणि धनंजय दातार यांना लोक 'मसाला किंग' म्हणून ओळखू लागले.

या गोष्टीतून दोन धडे घ्यावेत. एक म्हणजे निवृत्तीनंतरही माणूस परदेशात धंदा उभा करू शकतो. दुसरा धडा त्याहून मोलाचा आहे. त्यांनी आधी कंटेनर भरला नाही, आधी गिऱ्हाईक ओळखले. आपल्याकडे बहुतेकांचे उलट होते. माल हाताशी असतो म्हणून तो धाडायची घाई होते आणि घेणारा कोण, हा प्रश्न शेवटी विचारला जातो.

दुकानातला भाव आणि बांधावरचा भाव

दुकानात दिसणारा भाव हा शेवटच्या पायरीचा भाव असतो. बांधापासून त्या पायरीपर्यंत किती हात लागतात ते मोजा. निवड आणि प्रतवारी, गोणी किंवा पेटी, मजुरी, न्हावा शेवा बंदरापर्यंतचा ट्रक, बंदरातले कस्टमचे काम, जहाजाचे भाडे, विमा, पलीकडच्या बंदराचा खर्च, आयातदाराचा नफा, घाऊक व्यापाऱ्याचा नफा आणि दुकानदाराचा नफा.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. समजा २८ टन कांदा एका कंटेनरात भरला. २० रुपये किलोने मालाचे झाले ५ लाख ६० हजार. गोणी, मजुरी, ट्रक, बंदर आणि जहाज मिळून २ लाख धरा. एकूण ७ लाख ६० हजार. म्हणजे पलीकडच्या बंदरात कांदा सुमारे २७ रुपये किलोला पडला. पण वाटेत दहा टक्के माल कोंब फुटून किंवा सडून गेला, तर विकायला उरला २५ हजार २०० किलो. आता तोच कांदा ३० रुपये किलोला पडला. आयातदाराने २९ रुपये दिले, तर कागदावर नफा दिसणारा सौदा तोट्यात गेला.

म्हणून दुकानातली चिठ्ठी पाहून हिशेब मांडू नका. घाऊक बाजारातला भाव पाहा. दुबईत असाल तर अल अवीरच्या फळ-भाजी बाजारात पहाटे जा. लंडनमध्ये असाल तर साउथहॉलजवळच्या वेस्टर्न इंटरनॅशनल मार्केटमध्ये फेरी मारा. तिथला ठोक भाव हाच तुमच्या कामाचा.

आधी व्हिसा, मग व्यापार

मुलाला भेटायला म्हणून मिळालेल्या व्हिसावर परदेशात धंदा करता येत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. बाजार हिंडणे, भाव विचारणे, एखाद्या व्यापाऱ्याला भेटणे ही एक गोष्ट झाली. तिथे माल विकून पैसे घेणे, दुकानात बसणे ही वेगळी गोष्ट. त्यासाठी त्या देशाचा परवाना लागतो. नियम मोडला तर दंड होतो, परत पाठवतात आणि पुन्हा नातवाचे तोंड पाहायला जाणे अवघड होते. संयुक्त अरब अमिरातीत ५५ वर्षांवरच्या निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा आहे. त्यासाठी ठरलेली मिळकत, ठेव किंवा मालमत्ता दाखवावी लागते. पण राहण्याचा परवाना मिळाला म्हणजे व्यापाराचाही मिळाला असे होत नाही. तो वेगळा काढावा लागतो.

इकडचीही बाजू पाहा. कायमचे परदेशी राहायला गेलात, तर परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही 'अनिवासी' होता. मग बँकेतले साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. आधीची शेतजमीन तुमचीच राहते, वारसाने आलेलीही राहते. पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शेताची कामे पाहायला कुणाला मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर परदेशात ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. मुखत्यारपत्रात नेमकी कामे लिहा. 'सर्व अधिकार' हे दोन शब्द लिहून भावाभावांत वैर ओढवून घेऊ नका.

पेढी गावातच ठेवा

मग सरळ मार्ग कोणता? निर्यातीची पेढी गावात, गावातल्या माणसाच्या नावावर; आणि परदेशातले आजोबा तिचे डोळे व कान. गावात थोरला मुलगा असेल, सून शिकलेली असेल, तर पेढी त्यांच्या नावाने काढा. हिशेब सुनेच्या हाती असला तर बहुधा चोख राहतो, हा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

पेढीला लागणारी कागदपत्रे अशी:

१. आयात-निर्यात कोड. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून तो ऑनलाइन मिळतो. शुल्क ५०० रुपये. हा क्रमांक पॅनच्या क्रमांकासारखाच असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते. विसरलात तर कोड बंद पडतो आणि माल बंदरावर अडतो.

२. बँकेत पेढीचे चालू खाते, आणि त्या बँकेचा ए. डी. कोड कस्टमकडे नोंदवलेला.

३. फळे-भाजीपाला आणि त्यांच्या पदार्थांसाठी 'अपेडा' या सरकारी संस्थेची नोंदणी.

४. खाण्याच्या तयार पदार्थांसाठी अन्न सुरक्षा परवाना.

५. प्रत्येक खेपेला बीजक, पॅकिंगची यादी, शिपिंग बिल, जहाज कंपनीची भरणपावती, उगमाचा दाखला, आणि ताज्या मालासाठी कीड-रोग नसल्याचा दाखला, म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र.

उगमाचा दाखला किरकोळ समजू नका. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. ज्या मालाला त्यात जकातीची सवलत आहे, ती हा दाखला असेल तरच मिळते. माल लाकडी पॅलेटवर रचलेला असेल, तर त्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर चांगला मालही बंदरात अडकतो.

कोणता माल धरावा?

द्राक्ष हे नाशिकचे भूषण. पण नवख्याने ताज्या द्राक्षापासून सुरुवात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक प्लॉटची कृषी खात्याकडे नोंद लागते, 'ग्रेपनेट' या संगणकीय पद्धतीत त्याचा माग राहतो आणि प्रयोगशाळेत औषधांचे अंश तपासले जातात. घड काढल्यावर काही तासांत प्रीकूलिंग, मग पेटीत गंधकाचा कागद आणि शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेला कंटेनर. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी देठ काळे पडतात आणि मणी गळतात. त्यात २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एरवी तीन आठवड्यांत पोचणाऱ्या द्राक्षाला साधारण दोन आठवडे अधिक लागू लागले, भाडेही चढले. बागाईतदाराचा काही दोष नसताना त्याने ते सोसले.

२०१० साल तर अनेक बागाईतदार विसरलेले नाहीत. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सी. सी. सी. म्हणतो, त्या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, सौदे मोडले, कर्जे अंगावर आली. फवारणी इथल्या बागेत झाली आणि फटका हजारो मैलांवर बसला. परदेशी व्यापारात शेतातली नोंदवही किती मोलाची आहे, हे त्या वर्षाने शिकवले.

कांद्याचे गणित वेगळे. आखाती देशांकडे जहाज चार-पाच दिवसांत पोचते आणि कांदा प्रवास सोसतो. पण कांद्यावर सरकारी धोरणाची टांगती तलवार असते. अलीकडचा इतिहासच पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, ती १ जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तरी ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. ते शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. अशा काळात गिऱ्हाइकाला "दर महिन्याला माल देतो" असा शब्द देणारा माणूस तोंडघशी पडतो. आपला पुरवठा थांबला की गिऱ्हाईक पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानकडे वळते, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत आणणे कष्टाचे असते. म्हणून करारात एक ओळ अवश्य घाला: सरकारी बंदी आली तर आमच्यावर दंड नाही.

मग छोट्या माणसाने काय करावे? टिकाऊ माल धरावा. बेदाणा, हळद, मिरची-मसाले, नाशिकचा चिवडा, पापड, कुरडया, शेवया. दहा-वीस पेट्या दुसऱ्याच्या कंटेनरात भागीदारीने पाठवता येतात. माल महिनाभर अडला तरी सडत नाही. गावातल्या बचत गटाच्या भगिनींना काम मिळते. मात्र वेष्टनावर घटक, वजन, तारीख स्वच्छ छापलेली हवी. आखाती देशांत अरबी भाषेतली चिठ्ठी लागते. अमेरिकेत खाद्यपदार्थ पोचण्याआधी तिथल्या अन्न व औषध खात्याला आगाऊ सूचना द्यावी लागते. दुधाचे पदार्थ पाठवण्याच्या भरीस सुरुवातीला पडू नका, त्यांचे नियम फार कडक आहेत.

लासलगावचे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र अनेकांनी पाहिले असेल. २००७ साली भारतातला आंबा अमेरिकेला जाऊ लागला, तो याच केंद्रात विकिरण होऊन. म्हणजे सोय आपल्या दारात आहे. नियम समजून घेणारा माणूस मात्र हवा.

पैसा कसा येणार?

परदेशी व्यापारात माल पाठवणे सोपे, पैसा आणणे अवघड. पैसे मिळण्याचे मुख्य मार्ग चार आहेत.

आगाऊ रक्कम हा सर्वांत सुरक्षित. दुसरे पतपत्र, म्हणजे गिऱ्हाइकाची बँक हमी देते की कागदपत्रे बरोबर असतील तर पैसे मिळतील. इथे कागदातली एक चूकही महागात पडते. तिसरा मार्ग असा की, बँकेत पैसे भरल्यावरच गिऱ्हाइकाच्या हाती मालाची कागदपत्रे पडतात. चौथा मार्ग म्हणजे माल विकून झाल्यावर हिशेब. ताज्या फळांत ही पद्धत फार चालते आणि सर्वांत जास्त रडारड हिच्यातच होते. "माल खराब निघाला, भाव पडला" असा निरोप येतो आणि खरेखोटे पाहायला आपले कुणीच तिथे नसते.

नव्या गिऱ्हाइकाकडून निदान निम्मी रक्कम आगाऊ घ्या. उरलेली कागदपत्रांच्या बदल्यात. पैसे बुडाले तर भरपाई मिळावी म्हणून सरकारी मालकीच्या 'ई. सी. जी. सी.' या संस्थेचा विमा घ्या. ही संस्था १९५७ पासून हेच काम करते. हप्ता थोडा जातो, पण रात्री झोप लागते. आणि पैसे बँकेतूनच येऊ द्या. "तिकडे मुलाला रोख देतो, तुम्ही इकडे समजून घ्या" असे कुणी म्हटले तर तिथेच हात जोडा. तो हवाला होतो. निर्यातीचा पैसा ठरलेल्या मुदतीत बँकेत आल्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या नियमाने लागते.

आजोबांचे खरे काम

वर म्हटले की "तिथे आपले कुणीच नसते." तिथेच आजोबांचे मोल आहे. कांदा हातात घेतला की तो किती दिवस टिकेल हे सांगणारी, द्राक्षाचा देठ पाहून घड कधी काढला हे ओळखणारी नजर कुठल्या शाळेत मिळत नाही. ती नजर घेऊन तुम्ही परदेशी गेला आहात.

एक वही घाला. दर आठवड्याला एकाच बाजारात जा. कोणत्या देशाचा माल, कोणत्या पेटीत, काय भावाने, ते लिहा. युरोपात दक्षिण आफ्रिका, पेरू, चिलीची द्राक्षे कधी ओसरतात आणि इजिप्तची कधी येतात, त्या दोहोंमधली फट टिपून ठेवा. आपला हंगाम त्याच फटीत बसतो. गावातल्या पेढीचा माल उतरेल तेव्हा त्या व्यापाऱ्याच्या परवानगीने हजर राहा, पेट्यांचे फोटो काढा, तापमानाची नोंद मागून घ्या. असा एक हंगाम केलात, तर त्या वहीची किंमत कंटेनरभर मालाइतकी होईल. आणि यात घरची पुंजी एक रुपयाही अडकत नाही.

एकट्याने की मिळून?

एका घराचा माल कंटेनराला पुरत नाही आणि एका घराला तोटाही पेलत नाही. १९९१ साली 'महाग्रेप्स' उभी राहिली ती द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या म्हणून. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची 'सह्याद्री फार्म्स' ही विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली शेतकऱ्यांची कंपनी. लहान बागाईतदारही एकत्र आले, तर युरोपच्या बाजारात ताठ मानेने उभे राहू शकतात, हे तिने दाखवले. शेतकरी उत्पादक कंपनी काढायला दहा शेतकरी पुरतात. गावात अशी कंपनी असेल तर वेगळी पेढी काढण्याआधी तिच्याकडे जा. परदेशात विश्वासाचा माणूस आहे म्हटल्यावर तीही तुमचे स्वागतच करील.

शेवटचे चार शब्द

वाचकहो, पहिल्या खेपेत घरच्या मंडळींना विचारून, बुडाली तरी चूल बंद पडणार नाही एवढीच रक्कम घाला. जमीन तारण ठेवून पहिला कंटेनर भरू नका. आजारपणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावू नका. परदेशात औषधपाणी किती महाग असते, हे तिकडे गेलेल्यांना विचारा. आणि आजी बरोबर असेल तर तिचे मत आधी घ्या. मुलांच्या शेजारणींना कोणत्या चवीचे पापड हवेत, हे तिला तुमच्या आधी कळलेले असते.

पुढच्या पौषात तुमच्या गावातले कुणी परदेशी निघाले, तर लाडू-चिवड्याबरोबर एक कोरी वही आणि एक पेन त्यांच्या पिशवीत घाला. धंदा पुढे होईल तेव्हा होईल, सुरुवात त्या वहीने करावी.